इंच घटतात, काटा हलत नाही: एकच तक्रार, तीन वेगळी कारणं

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचंही तेच आहे का ते बघता येईल. रोज पहाटे पाऊण तास भरभर चालणं, परत आल्यावर वीस मिनिटं सूर्यनमस्कार, बैठका आणि डंबेल्स. अडीच महिने जवळजवळ खंड नाही. पट्टा एक भोक आत गेला, शर्टाची पोटावरची बटणं ओढ खात नाहीत, खाली वाकून चपला घालताना श्वास कोंडत नाही. आणि काट्यावर? सुरुवातीला ८२.४ किलो, आता ८१.९. अडीच महिन्यांच्या घामाचा हिशेब अर्धा किलो. बायको म्हणाली, "काटाच बिघडलाय बघा." गल्लीतले काका म्हणाले, "चालून काय हुतंय, रातची भाकरी बंद करा."

मी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर मुनीम आहे. वय ४६, उंची १६८ सेंटीमीटर. दिवसभर डोळ्यांसमोर काटाच असतो, म्हणूनही असेल, पण घरच्या काट्यावरचा तो आकडा मला फार लागायचा. गेल्या तीन वर्षांत ही तक्रार माझ्याकडे तीनदा आली. तिन्ही वेळा लक्षण सारखं आणि कारण वेगळं निघालं. सकाळी बरोबर चालणारी मंडळीही दर दोन-तीन महिन्यांनी हेच विचारतात आणि त्यांना मिळणारं उत्तर ठरलेलं असतं: "चरबीचा स्नायू होतोय, काळजी करू नका." कधी ते बरंचसं खरं असतं, कधी साफ खोटं. चरबीचा स्नायू तर कधीच होत नाही. दोन्ही पेशी वेगळ्या. एक घटते, दुसरी वाढते, एवढंच.

आधी काटा

मोंढ्यात मापावरून वाद झाला की आधी काटा तपासतात, माणूस नंतर. घरीही तेच करायचं. माझा काटा न्हाणीच्या दारापुढं शहाबादी फरशीवर असायचा आणि त्या फरशीचा एक कोपरा दबलेला. काटा वीतभर सरकवला की सात-आठशे ग्रॅमचा फरक! तेव्हा जागा एकच ठरवा, सपाट आणि टणक. पायपुसणं, सतरंजी, चटई यांवर काटा ठेवू नका.

घरगुती डिजिटल काट्यांपैकी काहींना आणखी एक खोड असते. नवं वजन मागच्या वजनाच्या दोन-तीनशे ग्रॅमच्या आत असलं, तर ते सरळ मागचाच आकडा पुन्हा दाखवतात. घेणाऱ्याला वाटावं, काटा किती पक्का! ओळखायचं कसं? आधी पाच-सात किलोची पिशवी हातात घेऊन काट्यावर चढा. उतरा. काटा बंद होऊ द्या आणि मग रिकाम्या हातानं पुन्हा चढा. आकडा बदलला तर रोज असंच वजन करायचं. आमच्या पार्कातल्या एका वहिनींचं "तीन आठवडे न हललेलं" वजन या युक्तीनं एका मिनिटात ४०० ग्रॅमनं उतरलं. व्यायामाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

काटा खरा आहे का, हे मी आडतीवरचं शिक्का मारलेलं २० किलोचं वजन घरी आणून पाहिलं. तुम्ही १० किलोची न फोडलेली आट्याची पिशवी घ्या. पिशवीसह आणि पिशवीशिवाय उभं राहा. फरक १० च्या अगदी जवळ आला पाहिजे. नऊ किंवा अकरा आला तर पुढचं वाचण्याआधी काटा बदला.

वजन सकाळी उठून, शौचाला जाऊन, पाणी पिण्याआधी. रोज करा, पण रोजच्या आकड्याकडे बघून तोंड पाडू नका. सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची सरासरीशी तुलना करा. हे मला येळवसनं शिकवलं. वेळा अमावस्येला आमच्याकडे सगळं लातूर शेतात असतं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर, आग्रह करणाऱ्या चार घरच्या बायका. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा १.६ किलो वर. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे १.६ किलो चरबी चढायची तर रोजच्या खाण्याच्या वर बारा हजारांहून जास्त कॅलरी एका दिवसात खायला हव्यात. तेवढं कुणाच्या बापाला जमणार नाही. तो सगळा ऐवज पाणी, मीठ आणि पोटात अजून बसलेलं जेवण. चौथ्या दिवशी गेला.

मग टेप

"इंच घटले" असं पॅंटवरून ठरवू नका. ३६ लिहिलेली पॅंट मोजली तर ३८ भरते, शिवाय कापड धुऊन आटतं, घालून सैल होतं. या एका गोष्टीनं मला कसं फसवलं ते पुढं येतं.

शिंप्याकडची कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून लांबलेली असू शकते. शाळेच्या कंपासमधल्या पट्टीला लावून बघा. कंबर कुठं मोजायची यावर लोक भांडतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड यांच्या बरोबर मध्ये, ही वैद्यकीय पद्धत. ते सापडत नसेल तर बेंबीच्या रेषेत मोजा, पण मग कायम तिथंच. टेप मागं खाली घसरलेली नको. ती अंगाला टेकावी, रुतू नये. श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा बघायचा. पोट आत ओढायचं नाही, हे मी पुरुषांना मुद्दाम सांगतो. तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा. इंचांपेक्षा सेंटीमीटर बरे, लहान फरक दिसतो.

आठवड्यातून एकदा पुरे. कंबर, नितंब, मांडी, दंड, या चारही जागा. फक्त कंबर मोजलीत तर अर्धीच गोष्ट कळते. का, ते शेवटी.

पहिली वेळ: आत खरंच काहीतरी चाललं होतं

काटा तपासला, ठीक. टेप तपासली, ठीक. कंबर १०१ वरून ९६ सेंटीमीटर, म्हणजे दोन इंच खरेच गेलेले. वजन अर्धा किलो. हे कसं?

उत्तर मला आडतीवरच मिळालं. दसऱ्याच्या सुमारास नवं सोयाबीन येतं, तेव्हा पोतं काट्यावर चढतं आणि शेतकरी खूश असतो. पण भाव त्यावर ठरत नाही. मूठभर दाणे मशीनमध्ये घालून ‘हवा’ बघतात. मोंढ्यात ओलाव्याला हवाच म्हणतात. सरकारी हमीभावाच्या खरेदीला हवेची मर्यादा १२ टक्के. काट्याला दाणा किती आणि पाणी किती हे कळत नाही, म्हणून ते मशीन वेगळं ठेवलंय. आपल्या अंगाचा निम्म्याहून जास्त भाग पाणीच आहे आणि आपण त्याचा भाव निव्वळ काट्यावर करतो.

व्यायाम नव्यानं सुरू केला की पाण्याचा साठा वाढतो आणि त्याची कारणं चांगली असतात. स्नायू वापरात आले की ते स्वतःजवळ साखरेचा साठा जास्त ठेवू लागतात, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. एक ग्रॅम ग्लायकोजेन स्वतःबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा दीडशे ग्रॅमनं वाढला तर काट्यावर सहाशे ग्रॅम चढले. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवही वाढतो. अंग दुखतं तेव्हा दुखऱ्या स्नायूत थोडी सूज असते, तिचंही वजन. या सगळ्यात दीड किलो चरबी बिनबोभाट लपून जाते. ती गेलेली असते आणि काटा म्हणतो, काही झालंच नाही.

आता स्नायूंबद्दल, कारण इथंच सगळ्यात जास्त थापा चालतात. "स्नायू चरबीपेक्षा जड असतात" हे वाक्य विसरा. किलो म्हणजे किलो. कापसाचा क्विंटल आणि हरभऱ्याचा क्विंटल काट्यावर सारखाच. फरक जागेचा. एक किलो चरबीला साधारण १.१ लिटर जागा लागते, एक किलो स्नायूला ०.९४ लिटरच्या आसपास. म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आतबाहेरचा फरक. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रांत चरबीचा गोळा स्नायूच्या चार-पाच पट मोठा दाखवतात, ते खोटं आहे. आणि माझ्या वयाच्या माणसाला, घरी डंबेल्स उचलून, महिन्याला काही शे ग्रॅम स्नायू चढला तरी खूप झालं. तीन महिन्यांत तीन किलो स्नायू सांगणाऱ्यापासून लांब राहा, तो बहुतेक प्रोटीनचा डबा विकतो.

मग पाच सेंटीमीटर गेले कुठून? थोडे पोटाच्या आतल्या चरबीतून. आतड्यांभोवती साठलेली ही चरबी व्यायामाला लवकर दाद देते, एकूण वजन न घटताही ती कमी होते. थोडे पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंना ताण आल्यामुळं. सुटलेलं पोट जरा आवरून धरलं जातं, माणूस ताठ उभा राहतो. आणि पहिला सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर तर मला वाटतं निव्वळ गॅस होता. चालायला लागल्यापासून पोट रोज वेळेवर साफ व्हायला लागलं. चरबी गेली ती कमरेवरून, स्नायू आला तो मांड्या, पाठ आणि खांद्यांवर. गेलेल्या आणि आलेल्या मालाची जागाच वेगळी, म्हणून टेपेला दिसतं आणि काट्याला दिसत नाही.

इथं पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो आठवतो. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२. उंची-वजनाचं गणित दोघांना एकाच रांगेत बसवतं. आपल्या लोकांचे हातपाय काटकुळे आणि पोट पुढं, हे त्या एका फोटोत आलं. म्हणूनच भारतीय पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटीमीटरच्या पुढं गेली की डॉक्टर सावध होतात, वजन कितीही असो. आणखी सोपं माप म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत असावी. माझ्यासाठी ८४. अजून लांब आहे.

यावर उपाय काय? काहीच करायचं नाही. व्यायाम सुरू करून बारा आठवडे झाले नसतील आणि कंबर घटत असेल, तर जेवण तोडू नका, चालणं दुप्पट करू नका. मी मधेच घाबरून रात्रीचं जेवण बंद केलं होतं. दहा दिवसांत बैठका मारताना पाय लटपटायला लागले आणि आडतीवर हिशेबाची पट्टी लिहिताना बेरीज चुकली. शेठ काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं.

दुसरी वेळ: निव्वळ पाणी

सोयाबीनचा हंगाम म्हणजे आमच्या व्यायामाला सुट्टी. दसरा ते दिवाळी पहाटेपासून मोंढा, घरी यायला रात्रीचे दहा. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा सुरू केलं तेव्हा वजन ८१, कंबर ९५. खंड भरून काढायचा म्हणून पहिल्याच आठवड्यात शंभर-शंभर बैठका मारल्या. जिना उतरताना आई आठवली. दोन आठवड्यांनी कंबर ९३.५ आणि वजन ८२.३. इंच घटले आणि वजन चक्क वाढलं.

ही वेळ पहिल्यापेक्षा वेगळी कशी ओळखायची? तारखांवरून. वजन दोन-चार दिवसांत उडी मारून चढलं असेल तर ते पाणी. चरबी आणि स्नायू दोन्ही मुंगीच्या चालीनं चढतात. सोबत अंगदुखी असते, अंगठी घट्ट होते, मोज्याच्या रबराचा वळ पायावर उशिरापर्यंत राहतो. माझ्याकडे भर घातली ती फराळाच्या उरलेल्या चिवड्यानं आणि संध्याकाळच्या खाऱ्या शेंगदाण्यांनी. मीठ पाणी धरून ठेवतं. बायकांमध्ये पाळीच्या आधीच्या आठवड्यात किलो-दीड किलो पाणी सहज चढतं, तेव्हा त्यांनी या पाळीच्या पाचव्या दिवसाची तुलना मागच्या पाळीच्या पाचव्या दिवसाशी करावी. मागच्या आठवड्याशी केली तर रडूच येईल.

बैठका चाळीसवर आणल्या, खारे शेंगदाणे बंद केले, पाणी मात्र तोडलं नाही. पाचव्या आठवड्यात तीन दिवसांत काटा एकदम खाली आला, ८०.४. तोवर रोज काट्याशी बोलणं बंद होतं.

याच्या उलटही होतं. मे महिन्यात तासभर चालून आलात की किलोभर घाम गेलेला असतो. चालून आल्याआल्या वजन करून "एका दिवसात किलो उतरला" असं सांगणारे गृहस्थ आमच्या पार्कात आहेत. उसाचा रस पिऊन ते तो परत मिळवतात. चरबीची टक्केवारी दाखवणारे काटेही असेच. तळपायातून बारीक वीज सोडून ते पाण्यावरून अंदाज बांधतात, त्यामुळं पाणी हललं की तुमची चरबीही हलते. तो आकडा मी बघत नाही.

तिसरी वेळ: इंच घटलेच नव्हते

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. पॅंट सैल, वजन ८०.२ वर तीन महिने ठाम. मी आता जाणकार झालेलो, त्यामुळं लोकांनाही सांगत सुटलो की माझे स्नायू वाढतायत. मग एका रविवारी वहीतलं पान उलटून पाहिलं. कंबर ९३. तीन महिन्यांपूर्वी ९३. मांडी तीच, दंड तोच. दिवाळीला घेतलेल्या नव्या पॅंटी ताणणाऱ्या कापडाच्या होत्या आणि त्या बसून बसून सैल झाल्या होत्या. जुनी कडक कापडाची पॅंट चढवली, तर हूक पूर्वीसारखाच कुरकुरत लागला.

टेप आणि काटा दोन्ही बारा आठवडे जागेवर असतील तर जितकं खर्च होतंय तितकं आत येतंय. इथं स्नायू, पाणी, थायरॉईड यांच्या मागं लपण्याआधी सकाळी चालून आल्यावर काय खाता ते बघा. आमची चालणारी टोळी परतीच्या वाटेवर टपरीवर थांबायची. एक प्लेट सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ), वर तळलेल्या शेंगदाण्यांची मूठ, दोन गोड चहा. माझ्या वजनाच्या माणसाचे अर्धा तास भरभर चालण्यात दीडशेच्या आसपास कॅलरी जातात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण १७० असतात. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सव्वाशे. चालणं टपरीवरच फिटत होतं आणि वर उधारी राहत होती.

आपल्याकडे वजन घटवायचं म्हटलं की सगळे भाकरीवर तुटून पडतात. मला ते पटत नाही. ज्वारीची भाकरी पोटाला आधार देते. खरा माल लपतो तो शेंगदाण्याच्या चटणीवर सोडलेल्या तेलात, भाजीच्या तर्रीत आणि "घ्या की थोडं" मध्ये. मी भाकरी दोनच ठेवल्या. चटणी कोरडी केली, महिन्याचं तेल घरात किती येतं ते किराण्याच्या यादीवरून मोजलं आणि पाऊण केलं. टपरीवर एक बिनसाखरेचा चहा. आणि वरण घट्ट. ज्या गावच्या तूरडाळीचं नाव सगळीकडे घेतात, तिथं आपण वाटीत पिवळं पाणी पितो! १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी माणसाला रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे माझ्या वजनाला ६५ च्या घरात. घट्ट वरण, मटकीची उसळ, ताक आणि दोन अंडी यांवर ते जमतं. अंडी मी घराबाहेर खातो, तो विषय वेगळा.

बारा आठवड्यांनी वजन ७८.१, कंबर ९०. या वेळी दोन्ही हलले.

इथं मात्र थांबा

मांडी आणि दंड घटतायत, कंबर तशीच किंवा वाढतेय, आणि वजन जागेवर: हे इंच चुकीच्या जागेवरून चाललेत. साठीच्या पुढच्या, नुसतं चालणाऱ्या आणि रात्री दूध-बिस्किटांवर भागवणाऱ्या माणसांत हे दिसतं. स्नायू झिजतोय. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, भिंतीला हात लावून जोर, एवढं तरी चालण्यात घाला आणि जेवणात डाळ वाढवा. चारही जागा मोजायच्या त्या यासाठी.

पायावर बोट दाबल्यावर खड्डा राहतो, दोन-तीन दिवसांत दोन किलो चढले, जिना चढताना नवीनच धाप लागते, तर डॉक्टरकडे त्याच दिवशी. सतत थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ यांबरोबर वजन अडलं असेल तर थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या. इन्सुलिन, स्टेरॉइड किंवा साखरेच्या काही गोळ्यांनीही वजन धरून राहतं. गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना वही दाखवा. आणि गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं असेल, तर "माझे इंच घटलेत" हे उत्तर तिथं चालत नाही. गुडघ्यावर किलोच पडतात.

पॅंट आवळून घेण्याचंही विचारतात. टेपेनं सलग तीन महिने साथ दिल्याशिवाय शिंप्याकडे जाऊ नका. मी पहिल्या वर्षी घाईनं गंजगोलाईच्या बाजारात जाऊन चार पॅंटी आवळून आणल्या आणि हंगाम संपेपर्यंत दोन उसवून घ्याव्या लागल्या. या वेळी गेलो तर शिंपीच म्हणाला, "मुनीमजी, कापड कापत न्हाई, आत दाबून ठिवतो."